डॉ. भाऊ दाजी लाड आणि कुष्ठरोगाचे गुप्त औषध

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या इतिहासात डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव येते ते मुख्यतः प्राच्यविद्येचे संशोधक, लोकनेते आणि स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते म्हणून. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांचे वाचन, कालिदासाच्या कालनिर्णयाची चर्चा, बॉम्बे असोसिएशनचे चिटणीसपद ह्यांचा उल्लेख त्यांच्या चरित्रात हटकून असतो. परंतु भाऊंचा व्यवसाय वैद्यकाचा होता, आणि त्या व्यवसायातील त्यांच्या कीर्तीवर त्यांच्या हयातीतच एक आक्षेप घेतला गेला. कुष्ठरोगावर गुणकारी औषध आपणांस सापडले आहे, अशी त्यांची धारणा होती. मात्र ते औषध कोणते, हे त्यांनी प्रसिद्ध केले नाही. ह्या मौनाचा अर्थ लावावयाचा तर त्या काळातील औषधांचा बाजार आणि वैद्यकाची नीती ह्या दोन्ही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्याच्या पेडणे भागातील मांद्रे येथे १८२२ साली त्यांचा जन्म झाला. कुटुंब मुंबईस आल्यावर एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले व पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. काठेवाड व कच्छ येथील बालकन्याहत्येच्या रूढीवर लिहिलेल्या निबंधास त्यांना ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले होते. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा भाऊ त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत होते. १८५१ साली ते पदवीधर झाले. प्राचार्य चार्ल्स मोरहेड ह्यांच्या हाताखाली शिकलेल्या ह्या पिढीवर वैदू-भोंदूंपासून आपला वेगळेपणा सिद्ध करण्याची जबाबदारी होती. शिकलेल्या डॉक्टराचे ज्ञान उघड, तपासून पाहता येण्याजोगे आणि सर्व व्यवसायबंधूंच्या मालकीचे असावे, ही ह्या वेगळेपणाची मुख्य खूण होती. इंग्लंडात टॉमस पर्सिव्हल ह्यांनी १८०३ सालच्या आपल्या वैद्यकनीतीच्या ग्रंथात गुप्त औषधे देण्याचा निषेध केला होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ सालच्या नीतिसंहितेनेही तो उचलून धरला.

बाजाराची रीत नेमकी उलट होती. टॉमस हॉलोवे ह्यांनी १८३७ च्या सुमारास लंडनमध्ये मलमाचा धंदा सुरू केला. मलमाच्या जोडीस गोळ्या आल्या आणि त्यांच्या जाहिराती साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचल्या. जवळजवळ सर्व रोगांवर एकच गोळी चालते, असा त्यांचा दावा असे. जॉन कॉलिस ब्राऊन हे तर हिंदुस्थानातील सैन्यात शल्यवैद्य होते. पटकीवर त्यांनी तयार केलेल्या क्लोरोडाइनमध्ये अफू, भांग आणि क्लोरोफॉर्म ही द्रव्ये होती. १८५६ पासून त्याची विक्री होऊ लागली आणि १८६४ साली खरे क्लोरोडाइन कोणाचे, हा वाद न्यायालयात गेला. अशा औषधांना पेटंट म्हणण्याचा प्रघात पडला, तरी त्यांतील बहुतेकांचे पेटंट घेतलेलेच नसे. पेटंट मिळवावयाचे तर कृती उघड करावी लागते. विक्रेत्यांना कृती झाकावयाची आणि नाव गाजवावयाचे असे. डॉक्टराची पदवी अशा बाटलीवर चिकटली की ती पदवीच जाहिरात होई.

भाऊंनी हा मार्ग धरला नाही. बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासह त्यांनी धर्मार्थ दवाखाना चालविला, गोरगरिबांवर विनामूल्य उपचार केले आणि तरीही मुंबईतील अग्रगण्य डॉक्टर म्हणून लौकिक मिळविला. संस्कृत वैद्यकग्रंथांत वर्णिलेल्या वनस्पतींचे गुण स्वतः पडताळून पाहण्याचा उद्योग त्यांनी दीर्घकाळ केला. त्यातूनच ते कुष्ठरोगाकडे वळले. त्या काळी महारोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या व्याधीवर पाश्चात्त्य वैद्यकाजवळ कोणताच भरवशाचा इलाज नव्हता. भाऊ वापरीत ते तेल पश्चिम घाटात उगवणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे होते. ह्या वनस्पतीला खष्ट असेही म्हणतात.

भाऊंनी औषधाची बाटली बाजारात मांडली नाही, तरी व्यवसायबंधूंच्या दृष्टीने कृती झाकणे हाच दोष होता. आक्षेप निराधार नव्हता. औषध ठाऊक नसेल तर दुसऱ्या डॉक्टराला त्याची परीक्षा करता येत नाही आणि गुण आल्याचे म्हणणे केवळ वैद्याच्या शब्दावर मानावे लागते. कलकत्त्यात फ्रेडरिक मोआट ह्यांनी चौलमुग्र्याच्या बियांचा कुष्ठरोगावरील अनुभव १८५४ सालीच छापून प्रसिद्ध केला होता. मुंबईत हेन्री व्हॅनडाइक कार्टर कुष्ठरोगाचा पद्धतशीर अभ्यास करीत होते. अशा वातावरणात ग्रँट कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एकाने मौन धरावे, हे अनेकांना खटकले. विशेष असे की, सार्वजनिक हितासाठी गुप्तता मोडण्याचे धैर्य भाऊंनी पूर्वी दाखविले होते. १८६२ सालच्या महाराज लायबल खटल्यात जदुनाथजी महाराजांच्या रोगाविषयी त्यांनी उघड न्यायालयात साक्ष दिली होती.

देशी वैद्यकपरंपरेच्या बाजूने पाहिले तर हे मौन इतके विलक्षण वाटत नाही. वैद्य आणि हकीम ह्यांच्या घराण्यांत खास नुस्खे वडिलांकडून मुलाकडे जात. ते नुस्खे घराण्याची मिळकत असत. लखनौ हे अशा हकिमी घराण्यांचे मोठे केंद्र होते. तेथेही काळ बदलत होता. मुन्शी नवलकिशोर ह्यांनी १८५८ साली स्थापन केलेल्या छापखान्यातून युनानी ग्रंथ स्वस्त दरात बाहेर पडू लागले, आणि झवाई टोल्यातील हकीम अब्दुल अझीज ह्यांनी १९०२ साली तकमील-उत-तिब ही पाठशाळा काढून घरातील विद्येला शाळेचे रूप दिले. भाऊ ह्या दोन रीतींच्या सांध्यावर उभे होते. त्यांची पदवी एका रीतीची होती आणि औषध दुसरीचे.

भाऊंचे मूळ द्रव्य तसे ग्रंथांत उघडच होते. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्राच्या किनारी वाढणाऱ्या तुवरक वृक्षाच्या तेलाचे कुष्ठावरील उपयोग सांगितले आहेत आणि तुवरक म्हणजे हेच कडू कवठ, असे सामान्यतः मानले जाते. नव्हती ती भाऊंच्या अनुभवाची नोंद: तेल कोणत्या रोग्यास, किती प्रमाणात, किती दिवस दिले, कोणास गुण आला आणि कोणास आला नाही. १८६९ आणि १८७१ साली मुंबईचे शेरीफपद भूषविलेले भाऊ ३१ मे १८७४ रोजी निवर्तले. तोवर असे सविस्तर विवेचन प्रसिद्ध झाले नव्हते.

त्याआधी एकच वर्ष, १८७३ साली, नॉर्वेत हॅन्सेन ह्यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक पॉवर ह्यांनी ह्या वर्गातील तेलांमधून विशिष्ट आम्ले वेगळी केली. १९१५ च्या सुमारास हवाई बेटांत ॲलिस बॉल ह्यांनी आणि त्यानंतर लवकरच कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स ह्यांनी ती टोचून देता येण्याजोग्या स्वरूपात आणली. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठरोगाच्या उपचारात हीच तेले प्रमुख होती. म्हणजे भाऊंनी निवडलेली दिशा चुकीची नव्हती. परंतु पुढील संशोधकांना त्यांच्या रोग्यांचा अनुभव उपलब्ध झाला नाही. प्रत्येकाला आरंभ नव्याने करावा लागला.

ज्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसाठी भाऊंनी परिश्रम घेतले, त्याला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. लेण्यांतील अक्षरे त्यांनी वाचून जगापुढे ठेवली, म्हणून ती पुढील पंडितांना तपासता आली, दुरुस्तही करता आली. कुष्ठरोगावरील त्यांच्या कार्याला हे भाग्य लाभले नाही. जाहिरातबाज औषधविक्याची तुलना भाऊंशी करणे अन्यायाचे होईल. त्यांचा हेतू द्रव्यलोभाचा होता, असे त्यांच्या चरित्रातील काहीही सुचवीत नाही. तथापि रोग्याच्या दृष्टीने पाहता, लोभाने झाकलेली कृती आणि सद्हेतूने झाकलेली कृती ह्यांचा परिणाम फारसा वेगळा होत नाही.