सगळ्या जपान्यांना एकच चेहरा देणारा व्यंगचित्रकार

डॉ. स्यूस हे नाव इंग्रजी शाळेत जाणाऱ्या बऱ्याच पोरांना माहीत असतं. टोपीवालं मांजर, हिरवी अंडी, लोकांचा सण चोरणारा ग्रिंच, अशी गमतीदार पुस्तकं लिहिणारे आणि त्यातली चित्रंही स्वतःच काढणारे हे अमेरिकन लेखक. हॉर्टन नावाच्या त्यांच्या हत्तीवर सिनेमाही निघाला. पण मुलांचे लेखक म्हणून जगभर नाव होण्याआधी हेच गृहस्थ रोजच्या पेपरात व्यंगचित्रं काढायचे. त्यातली काही चित्रं आज बघितली तर मान खाली जाते. त्यात एका अख्ख्या देशाच्या माणसांची टर उडवलेली आहे. अकरा वर्षांनी डॉ. स्यूस त्याच देशात गेले आणि परत आल्यावर त्यांनी जे पुस्तक लिहिलं, ते त्या देशातल्या एका माणसाला अर्पण केलं.

जर्मन म्हणून चिडवला गेलेला पोरगा

त्यांचं खरं नाव थिओडोर स्यूस गायझेल. जन्म २ मार्च १९०४ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरातला. घरात सगळे टेड म्हणायचे. आजोबा जर्मनीहून येऊन इथे स्थायिक झालेले. शहरात त्यांचा बिअरचा कारखाना होता आणि धंदाही बरा चालला होता.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरली. कालपर्यंत ज्यांच्याकडे ऊठबस होती, त्या जर्मन आडनावाच्या घरांकडे लोक संशयाने बघू लागले. टेड तेव्हा तेरा वर्षांचा होता. युद्धाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, तरी जर्मन म्हणून पोरांची चिडवाचिडवी त्याच्या वाट्याला आली. पुढे १९२० मध्ये देशभर दारूबंदी झाली आणि घरचा कारखानाही बंद पडला.

टेड १९२५ मध्ये डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाले. तिथल्या विनोदी मासिकात त्यांची चित्रं यायची. मग पुढच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला ऑक्सफर्डला गेले. तिथे हेलन पामर ही वर्गातली मुलगी त्यांच्या वहीत डोकवायची. व्याख्यानाच्या टिपणांपेक्षा त्यात चित्रविचित्र प्राणीच जास्त. प्राध्यापक होण्याचा नाद सोड आणि चित्रं काढ, असा सल्ला तिने दिला. १९२७ मध्ये दोघांचं लग्न झालं.

जुन्या लोकांना डास मारायचा फ्लिटचा पंप आठवत असेल. त्या फ्लिटच्या अमेरिकेतल्या जाहिराती गायझेल काढायचे. या जाहिरातींनी त्यांना घराघरात पोहोचवलं आणि पैसाही दिला. १९३७ मध्ये त्यांचं मुलांसाठीचं पहिलं पुस्तक आलं. त्याआधी वीसहून जास्त प्रकाशकांनी ते परत पाठवलं होतं. त्या पुस्तकात एक चिनी माणूस होता. पिवळी कातडी, डोक्याला शेंडी, डोळ्यांच्या जागी दोन रेघा. तेव्हाच्या अमेरिकेत अशा चित्राला लोक हसायचे आणि पान उलटायचे. त्यात काही चुकतंय असं फार कुणाला वाटत नव्हतं.

सहा दिवसांचं अंतर

१९४१ च्या सुरुवातीला गायझेल न्यूयॉर्कच्या 'पीएम' या वर्तमानपत्रात राजकीय व्यंगचित्रं काढू लागले. जानेवारी १९४३ पर्यंत त्यांनी चारशेहून जास्त चित्रं काढली. हिटलरवर त्यांनी सपाटून टीका केली. ज्यूंचा द्वेष करणाऱ्यांना आणि कारखान्यात काळ्या कामगारांना काम नाकारणाऱ्या मालकांनाही त्यांनी सोडलं नाही. जून १९४२ च्या एका चित्रात तर अमेरिकेचं प्रतीक असलेला अंकल सॅम एका माणसाच्या कानात फवारा मारतो आणि दुसऱ्या कानातून वंशद्वेषाचा किडा बाहेर पडतो, असं दाखवलं होतं. फ्लिटच्या जाहिरातीतला पंप त्यांनी इथे कामाला लावला होता.

पण जपानचा विषय आला की हाच माणूस वेगळा व्हायचा. जर्मनीवर चित्र काढताना ते हिटलरला काढायचे. तो एकटा माणूस, कुणालाही ओळखू येणारा. जपानसाठी मात्र त्यांनी एक ठरलेला चेहरा बनवला होता. डुकरासारखं नाक, गोल चष्मा, तिरके डोळे, दात काढून हसणारा. हा चेहरा कुणा एका सेनापतीचा नव्हता. तो सगळ्या जपान्यांचा होता.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. सुमारे २,४०० अमेरिकन माणसं त्यात मेली. देशभर संतापाची लाट होती. त्या दिवसांत काही वाचकांनी गायझेल यांच्या चित्रांबद्दल तक्रार केली. त्यावर पेपरातूनच त्यांनी उत्तर दिलं. शत्रू डोक्यात कुऱ्हाड घालत असताना भाऊ भाऊ म्हणत बसण्यात अर्थ नाही, जिंकायचं तर मारावंच लागेल, दोस्ती काय ती जे उरतील त्यांच्याशी नंतर करता येईल, असा त्यांचा सूर होता.

आणि मग आलं १३ फेब्रुवारी १९४२ चं चित्र. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माणसांची भलीमोठी रांग लागली आहे. सगळे जपानी वंशाचे, सगळ्यांचा चेहरा एकच, सगळे हसतायत. रांग एका खोपटापाशी जाते आणि तिथे प्रत्येकाच्या हातात स्फोटकाचा ठोकळा दिला जातोय. वर छपरावर एक जण दुर्बीण लावून जपानकडून इशारा कधी येतो ते बघतोय. म्हणजे शेजारी राहणारा प्रत्येक जपानी माणूस आतून घरभेदी आहे, हा या विनोदाचा अर्थ.

सहा दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला. त्या हुकमाखाली जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून उचलून छावण्यांत डांबण्यात आलं. त्यातले जवळपास दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्यांच्यात शेतकरी बरेच होते, भाजीपाला आणि स्ट्रॉबेरी पिकवणारे. हातात मावेल तेवढंच सामान घ्यायची परवानगी होती. कुणी उभं पीक टाकून निघालं, कुणी अवजारं मिळेल त्या भावाला विकली. काही कुटुंबांना सुरुवातीला रेसकोर्सच्या घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. मग काटेरी तारांच्या आत, लाकडी बराकींत, कित्येकांची वर्षं गेली.

हा हुकूम एका व्यंगचित्रामुळे निघाला असं कुणी म्हणणार नाही. सरकारात तशी खलबतं आधीपासून चालू होती. पण लोकांनी गप्प बसून हे होऊ द्यावं, यासाठी जे वातावरण लागतं ते अशाच चित्रांनी आणि बातम्यांनी तयार झालं. १९८३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने नेमलेल्या आयोगाने सांगितलं की या कारवाईला लष्करी गरजेचा आधार नव्हता. वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि नेत्यांचं अपयश ही तिची कारणं होती. १९८८ मध्ये देशाने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर भरपाई ठरवली.

जपानचा प्रवास

१९४३ मध्ये गायझेल सैन्यात गेले. दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा यांच्या हाताखाली ते सैनिकांसाठी फिल्म तयार करायचे. युद्ध संपल्यावर त्यांनी आणि हेलन यांनी मिळून जपानवरच्या एका माहितीपटाचं लेखन केलं. १९४७ च्या त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. साध्या जपानी माणसाला सत्ताधाऱ्यांनी शतकानुशतकं कसं वापरून घेतलं, हा त्याचा विषय होता. पाच वर्षांपूर्वी ज्यांना एकाच साच्यातून काढलं होतं, त्यांच्यात नाडणारे कोण आणि नाडले गेलेले कोण, हे आता त्यांना वेगवेगळं दिसू लागलं होतं.

तरी हे सगळं लांबूनच चाललं होतं. १९५३ मध्ये नवरा-बायको दोघं जपानला गेले. 'लाइफ' या मोठ्या मासिकासाठी लेख तयार करायचा होता. अमेरिकी सैन्याची सत्ता संपून जेमतेम एक वर्ष झालं होतं. युद्धानंतर जपानी मुलांच्या मनात काय चाललंय, हे शोधायचं होतं. क्योटो शहरातल्या दोशिशा विद्यापीठाचे प्राध्यापक मित्सुगी नाकामुरा यांनी त्यांना मदत केली. शाळाशाळांतल्या मुलांना सांगण्यात आलं, मोठेपणी कोण व्हायचंय त्याचं चित्र काढा.

चित्रांचा ढीग जमला. गायझेल स्वतः चित्रकार. एकेक कागद हातात घेऊन बघायचं काम त्यांचंच होतं. प्रत्येक कागद एका पोराचा, त्याच्या त्याच्या स्वप्नाचा. ज्या देशासाठी त्यांच्याकडे एकच ठरलेला चेहरा होता, त्या देशातली पोरं आता एकेक करून त्यांच्यासमोर येत होती. शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. नव्या राज्यघटनेखाली सामान्य माणसं, बायासुद्धा, मतदान करू लागली होती. शाळांत प्रत्येक मुलाचं स्वतःचं मत मोलाचं मानलं जाऊ लागलं होतं.

'लाइफ'ने लेख मार्च १९५४ मध्ये छापला, पण त्याची काटछाट गायझेल यांना पटली नाही. जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं होतं. ते त्यांनी आपल्या पद्धतीने सांगितलं.

हत्तीला ऐकू आलेला आवाज

त्याच वर्षी त्यांचं हॉर्टन हत्तीचं नवं पुस्तक आलं. हत्तीला धुळीच्या एका कणातून बारीक आवाज येतो. त्या कणावर अख्खं गाव वसलेलं असतं, पण इतकं छोटं की डोळ्यांना दिसत नाही. जंगलातले बाकीचे प्राणी हत्तीला वेडा ठरवतात. त्याला बांधतात, तो कण उकळत्या तेलात टाकायला निघतात. गावातले सगळे जीव तोडून ओरडतात, तरी आवाज पोहोचत नाही. शेवटी एक एवढंसं पोर आपला आवाज त्यात घालतं आणि तेव्हा कुठे सगळ्यांना ऐकू येतं. माणूस केवढाही छोटा असला तरी तो माणूसच, ही या गोष्टीची शिकवण. जपानमध्ये जे बघितलं त्यातूनच ही गोष्ट सुचली, हे गायझेल यांनी पुढे सांगितलं. पुस्तक त्यांनी क्योटोच्या मित्सुगी नाकामुरांना अर्पण केलं, त्यांना मोठा मित्र म्हणून. दोस्ती नंतर बघू असं लिहिणाऱ्या माणसाने ती अशी केली.

मात्र याने सगळा हिशेब चुकता झाला, असं मानायचं कारण नाही. १९४२ च्या त्या चित्राबद्दल गायझेल यांनी जाहीर माफी कधी मागितली नाही. छावण्यांत गेलेले लोक त्यांच्याच देशाचे नागरिक होते, त्यांचं नाव त्या पुस्तकात नाही. गोष्टीतला मोठा दयाळू हत्ती म्हणजे अमेरिका आणि असहाय चिमुकलं गाव म्हणजे जपान, असाही अर्थ निघतो, आणि तो काही अभ्यासकांना खटकतो. त्या गावावर कण उकळवण्याची धमकी येते ती इतरांकडून. हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब कुणी टाकले, हे मात्र इतिहासाला माहीत आहे.

पण त्यांचे विचार तिथेच थांबले नाहीत. १९६१ मध्ये पोटावर चांदणी असलेल्या आणि नसलेल्या पाखरांची गोष्ट आली, माणसामाणसांतल्या भेदभावाची थट्टा करणारी. 'पीएम'मधली आपली जुनी चित्रं घाईने काढलेली, तडकाफडकी मतं बनवून केलेली होती आणि त्यांची आपल्याला लाज वाटते, असं त्यांनी उतारवयात कबूल केलं. १९७८ मध्ये पहिल्या पुस्तकातल्या चिनी माणसाची शेंडी आणि पिवळा रंग काढून टाकला. १९८४ मध्ये त्यांना पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. त्याच वर्षी दोन शेजारी देश एकमेकांच्या भीतीपोटी हत्यारं वाढवत नेतात, अशी गोष्ट त्यांनी लिहिली. २४ सप्टेंबर १९९१ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं. २०२१ मध्ये त्यांच्याच पुस्तकांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने सहा पुस्तकं छापणं थांबवलं, कारण त्यातली काही चित्रं दुसऱ्या वंशांच्या लोकांना दुखावणारी होती. त्यात ते पहिलं पुस्तकही होतं.

सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयाला गायझेल यांचंच नाव आहे. त्यांचे कागदपत्र तिथे जपलेले आहेत आणि 'पीएम'मधली चित्रंही तिथेच आहेत. ती कुणी लपवलेली नाहीत, मोबाईलवरही बघायला मिळतात. गावोगावच्या ग्रुपवर रोज येणाऱ्या, दुसऱ्या देशातल्या किंवा समाजातल्या सगळ्यांना एका माळेत ओवणाऱ्या विनोदांशेजारी ठेवून १३ फेब्रुवारीचं ते चित्र एकदा बघण्यासारखं आहे. त्या रांगेतल्या एकाही माणसाला स्वतःचा चेहरा नाही.