राजाला किल्ट घालायला लावणारा कादंबरीकार : सर वॉल्टर स्कॉट

ऑगस्ट १८२२. एडिनबरातल्या होलीरूड राजवाड्यात ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज दरबारात आला, तो चक्क किल्ट घालून. म्हणजे चौकटीच्या लोकरी कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा घोळदार पोशाख. खाली गुलाबी तंग मोजे. राजा चांगलाच स्थूल होता, त्यामुळे व्यंगचित्रकारांना आयतं खाद्य मिळालं.

पण ही घटना साधी नव्हती. तब्बल १७० वर्षांत गादीवर असलेला एकही राजा स्कॉटलंडला फिरकला नव्हता. या भेटीचा सगळा कार्यक्रम आखला होता एका कादंबरीकारानं. त्याचं नाव सर वॉल्टर स्कॉट.

स्कॉटचा जन्म १७७१ चा, एडिनबरातला. लहानपणीच पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. हवापालटासाठी त्याला इंग्लंडच्या सीमेजवळ आजोबांच्या शेतावर पाठवलं. तिथं कानावर पडल्या त्या जुन्या लढायांच्या गोष्टी आणि लोकगीतं. पुढे तो वकील झाला, पण गावोगाव फिरून ही गीतं गोळा करणं काही सुटलं नाही. १८१४ मध्ये त्याची ‘वेव्हर्ली’ ही पहिली कादंबरी आली, तीही लेखकाचं नाव न छापता. विषय होता १७४५ चा हायलँडमधल्या डोंगरी टोळ्यांचा उठाव. पुस्तक तुफान खपलं. मराठीत ह. ना. आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की ज्याचं नाव येतं, तो स्कॉट हाच.

आता गंमत बघा. तो उठाव चिरडल्यावर ब्रिटिश संसदेनं हायलँडच्या पोशाखावर बंदी घातली होती. ती उठली १७८२ मध्ये. एडिनबरासारख्या सखल भागातले लोक तर या डोंगरी लोकांना लुटारूच समजायचे. स्कॉटनं १८२२ मध्ये याच शहरी प्रतिष्ठितांना टार्टन घालून राजाच्या स्वागताला उभं केलं. एका भागाचा पोशाख अख्ख्या देशाचा झाला. आणि त्याच काळात हायलँडमधले जमीनदार मेंढ्यांची कुरणं करण्यासाठी कुळांना घराबाहेर काढत होते! मिरवणुकीत ही बाजू दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे स्कॉट स्वतंत्र स्कॉटलंडचा समर्थक होता का? अजिबात नाही. तो कट्टर टोरी. १७०७ मध्ये स्कॉटलंड इंग्लंडशी जोडला गेला, ते त्याला मान्य होतं. तरीही त्या वेळी पेटीत बंद झालेली स्कॉटलंडची राजचिन्हं त्यानं पुढाकार घेऊन १८१८ मध्ये एडिनबराच्या किल्ल्यात शोधून काढली. १८२६ मध्ये लंडन सरकारनं पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायचं ठरवलं, तेव्हा टोपणनावानं पत्रं लिहून त्यानं रान उठवलं. सरकारला माघार घ्यावी लागली. आजही बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर त्याचं चित्र असतं.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी तो स्वतः बुडाला होता. छापखाना आणि प्रकाशनाच्या व्यवहारात डोक्यावर एक लाख पौंडांहून जास्त कर्ज झालं. त्यातच पत्नी गेली. दिवाळखोरी जाहीर करण्याऐवजी त्यानं लिहून कर्ज फेडायचं ठरवलं आणि नेपोलियनचं नऊ खंडी चरित्र लिहून काढलं. या श्रमांनी तब्येत ढासळली आणि २१ सप्टेंबर १८३२ ला त्याचा मृत्यू झाला. उरलेलं कर्ज नंतर त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं.

अभ्यासकांचं भांडण मात्र अजून चालू आहे. ह्यू ट्रेव्हर-रोपर या इंग्रज इतिहासकारानं १९८३ मध्ये मांडलं, की हायलँडची ही ‘प्राचीन’ परंपरा बऱ्याच अंशी अलीकडं रचलेली आहे. त्याआधी, १९७७ मध्ये, टॉम नेर्न या स्कॉटिश विचारवंताची तक्रार वेगळीच होती. स्कॉटनं देशाचा इतिहास इतका रम्य केला, की तो फक्त आठवणीत ठेवण्यापुरता उरला, राजकारणात त्याची धार गेली. ग्रॅम मॉर्टन यांनी १९९९ मध्ये तिसरी बाजू मांडली : एकोणिसाव्या शतकातल्या अनेक स्कॉटिश लोकांना ब्रिटनमध्ये राहणं आणि आपल्या देशाचा अभिमान बाळगणं यांत विरोध वाटतच नव्हता. उलट ब्रिटनमध्ये बरोबरीचा मान मिळावा, हीच त्यांची मागणी होती.

स्कॉटला यातला तिसरा युक्तिवाद सगळ्यात जास्त लागू पडतो. २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के लोकांनी ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूनं मत दिलं, ४५ टक्क्यांनी स्वातंत्र्याच्या. किल्ट घालणारे दोन्हीकडं होते.