डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव : तुमच्या रिपोर्टमागचा संशोधक

किडनीच्या आजारात रक्त तपासले की रिपोर्टमध्ये ‘फॉस्फरस’ असाही एक आकडा येतो. गरोदरपणात फॉलिक ॲसिड दिले जाते, संधिवाताच्या काही रुग्णांना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घ्यावे लागते आणि हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई डीईसीच्या गोळ्या घेऊन दारात येतात. या चारही गोष्टींशी एकाच भारतीय डॉक्टरांचा संबंध आहे. तारकर्लीत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांनी त्यांचे नाव ऐकलेले नसते. तुम्हीही कदाचित ऐकले नसेल.

हुकलेली पदवी

सुब्बाराव यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना ते गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादीचा सर्जिकल गाऊन घालू लागले. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. परिणामी एमबीबीएस न मिळता एलएमएस या दुय्यम पदवीवर त्यांना समाधान मानावे लागले. त्याआधी ‘स्प्रू’ या आतड्याच्या आजाराने त्यांचा भाऊ दगावला होता. 1923 मध्ये ते अमेरिकेत बोस्टनला गेले. तेथे पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळी केली. रुग्णांची लघवीची भांडी रिकामी करणे हे त्यातलेच एक काम.

लघवीतील फॉस्फरस कसा मोजायचा?

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्त आणि लघवीतील फॉस्फरस मोजण्याची सोपी पद्धत शोधली. नमुन्यात मॉलिब्डेट आणि दुसरे एक रसायन घातले की निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. 1925 मध्ये छापलेला हा शोधनिबंध विसाव्या शतकात सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या निबंधांपैकी एक ठरला. आज यंत्रे बदलली, तरी फॉस्फरस मोजताना मॉलिब्डेटचीच अभिक्रिया सर्रास वापरतात.

किडनी नीट काम करत नसेल तर फॉस्फरस शरीरात साठतो. त्यामुळे हाडे कमजोर होतात, अंगाला खाज सुटते. वारंवार मुतखडा होणाऱ्यांच्या चोवीस तासांच्या लघवीतही तो मोजला जातो.

नाव कुठे आहे, कुठे नाही

पुढे 1927 मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि 1929 मध्ये पेशींना ऊर्जा पुरवणारे एटीपी या जोडीने वेगळे केले. तरीही हार्वर्डने सुब्बाराव यांना कायमची नेमणूक दिली नाही. त्याच प्रयोगशाळेत काम केलेले आणि पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर सांगितले, की सुब्बाराव यांचे काही शोध फिस्के यांनी प्रसिद्धच होऊ दिले नाहीत. ते इतरांना पुन्हा नव्याने लावावे लागले.

1940 मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार झाले. भावाचा जीव घेणाऱ्या स्प्रूवर ते उपयोगी पडले. त्यांच्याच चमूने बनवलेले ॲमिनोप्टेरिन डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. 1948 च्या त्या गाजलेल्या निबंधाच्या लेखकांत सुब्बाराव नाहीत. मेथोट्रेक्सेट हे ॲमिनोप्टेरिनचेच भावंड. 1947 मध्ये फायलेरियावरील औषधाचा, म्हणजे आजच्या डीईसीचा, निबंध आला. त्यात लेखकांच्या रांगेत त्यांचे नाव अगदी शेवटी आहे.

ऑगस्ट 1948 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, त्यांचे झोपेतच निधन झाले. 1995 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

तुमच्यासाठी महत्त्वाचे

आपला सिंधुदुर्ग राज्यातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत गणला गेला आहे. हा आजार म्हणजे फक्त सुजलेला पाय नव्हे. पुरुषांमध्ये अंडकोशात पाणी साचते, काहींना दुधासारखी पांढरी लघवी होते. लाजेपोटी हे लपवू नका.

- मोहिमेतील गोळ्या जेवणानंतर, आरोग्य कर्मचाऱ्यांसमोरच घ्या. ‘मला काही झालेले नाही’ म्हणून टाळू नका. अंगात जंतू असूनही वर्षानुवर्षे लक्षणे दिसत नाहीत.
- गोळीनंतर थोडा ताप किंवा डोकेदुखी झाली, तर ती बहुधा जंतू मरत असल्यामुळे असते. त्रास वाढल्यास दवाखान्यात या.
- गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी व्यक्तींनी या गोळ्या घेऊ नयेत.
- अंडकोशात साचलेले पाणी गोळ्यांनी जात नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते.
- मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.
- फॉस्फरसचा आकडा वाढला असेल तर मनाने पथ्य सुरू करू नका. रिपोर्ट घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा.