स्वामी रामानंद तीर्थ

आमचा डोंगरकडा गाव ज्या मुलखात आहे, तो 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात मोडत होता. तो मराठी भाषाबंधूंस मिळावा म्हणून झटणारे स्वामी रामानंद तीर्थ जन्माने कानडी मुलखातील होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे 1903 साली त्यांचा जन्म झाला. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक होते. 1932 साली त्यांनी संन्यास घेतला. पुढे स्टेट काँग्रेसचे पुढारी या नात्याने त्यांनी निजामाच्या सत्तेविरुद्ध तुरुंगवास सोसला. सप्टेंबर 1948 मध्ये ती सत्ता संपली.

परंतु खरा कठीण प्रश्न त्यानंतर उभा राहिला. एकाच राज्यात तेलुगू, मराठी व कानडी लोक. राज्य अखंड ठेवावे की भाषेप्रमाणे वाटावे? स्वामींनी वाटणीचा पक्ष धरला. त्यांस 1952 साली गुलबर्ग्याने लोकसभेत पाठविले आणि 1957 साली औरंगाबादने. दोहोंकडे आपला मानलेला असा पुढारी आम्हांस तरी दुसरा आठवत नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्याच दिवशी सिंदगी त्या राज्यातून निघून म्हैसुरात गेली. बीदर जिल्हा तर मधोमध चिरला: उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले, भालकी, हुमनाबाद, औराद तिकडे गेले. तिकडील मराठी गावांवर व बेळगावावर महाराष्ट्राने हक्क सांगितला. महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालानेही तंटा मिटला नाही. स्वामी 22 जानेवारी 1972 रोजी वारले. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, 2004 साली, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.