अहिल्याबाई आणि महेश्वरचे माग

अहिल्याबाई होळकर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात शिवपिंडी. पुस्तकातल्या चित्रात त्या अशाच दिसतात. चित्राखाली त्यांनी बांधलेल्या गोष्टींची यादी असते: काशीचं विश्वनाथ मंदिर, गयेचं विष्णुपद मंदिर, सोमनाथ, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा. यादी खरी आहे आणि खूप लांब आहे. पण त्यांचं एक काम त्या यादीत सहसा नसतं. ते दगडाचं नाही, सुताचं आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ ला चौंडी गावात झाला. हे गाव तेव्हाच्या अहमदनगर भागातलं. आता त्या जिल्ह्याला त्यांचंच नाव दिलंय, अहिल्यानगर. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. लहान वयातच त्यांचं लग्न मल्हारराव होळकरांच्या मुलाशी, खंडेरावांशी झालं. मल्हारराव म्हणजे पेशव्यांचे मोठे सरदार. माळव्याचा कारभार त्यांच्याकडे होता. माळवा म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाचा पश्चिम भाग, इंदूर-उज्जैनचा.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. मल्हाररावांनी त्यांना थांबवलं आणि मग कारभाराचं एकेक काम त्यांच्यावर सोपवायला सुरुवात केली. हिशेब, वसुली, फौजेचा दाणागोटा, अगदी तोफांचा बंदोबस्तसुद्धा. त्या काळी किती सासरे आपल्या सुनेला तोफांबद्दल पत्रं लिहीत असतील, तुम्हीच विचार करा! १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा एकुलता एक मुलगा मालेरावही गेला. आता दौलत कोण सांभाळणार? बाईमाणसाला हे जमणार नाही असं म्हणणारे पुष्कळ होते, काही तर घरातल्याच कारभाऱ्यांपैकी होते. पण माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचा हक्क मान्य केला. तुकोजी होळकर फौज बघायचे आणि राज्याचा कारभार अहिल्याबाई.

त्यांनी राहायला इंदूर निवडलं नाही, नर्मदेच्या काठावरचं महेश्वर निवडलं. जुनं तीर्थक्षेत्र, वर किल्ला, खाली नदी. किल्ल्यातला त्यांचा वाडा आजही बघता येतो. राणीचा वाडा म्हणून बघायला गेलात तर थोडी निराशा होईल, इतका तो साधा आहे.

या गावाचा कापडाशी संबंध फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्र या प्राचीन ग्रंथात उत्तम सुती कापडाचे जे प्रदेश सांगितले आहेत, त्यांत महिष हे नाव येतं, आणि ते महेश्वरच्या बाजूचंच असं बरेच अभ्यासक मानतात. अहिल्याबाईंनी तिथे विणकामाला पुन्हा जोर आणला. सुरतेहून आणि इतरही ठिकाणांहून विणकर बोलावले आणि त्यांना गावात वसवलं.

नुसतं बोलावून काम भागत नाही. का ते कळायला विणकराचं काम थोडं समजून घेऊ. मागावर आधी उभे धागे ताणून लावतात, तो ताणा. मग धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फेकत आडवा धागा भरत जातात, तो बाणा. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण आठ मीटर लांब कापड. त्यातला आडवा प्रत्येक धागा असा एकेक करून भरायचा! यात पूर्ण घर राबतं. कुणी सूत उकलतं, कुणी कांड्या भरतं, कुणी मागावर बसतं. सूत आधी विकत घ्यावं लागतं आणि पैसे मिळतात लुगडं विकल्यावर. मधल्या दिवसांत घरच्यांनी खायचं काय? हात कितीही कसबी असला तरी गिऱ्हाईक नसेल तर विणकर सावकाराच्या दारात जातो, नाहीतर माग मोडून दुसरं काम शोधतो.

महेश्वरमध्ये गिऱ्हाईक होता खुद्द दरबार. पाहुण्यांना, सरदारांना, नातलगांना मानाचं वस्त्र द्यायची तेव्हा पद्धत होती. दरबारात आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नसे. त्यामुळे लुगडी आणि पागोटी सतत लागायची आणि ती गावातच विणली जायची. पाहुणा ते वस्त्र घेऊन आपल्या गावी गेला की तिथल्या बायका विचारणार, हे कुठलं हो? फुकटची जाहिरातच म्हणा ना. पहिल्या लुगड्याचं नक्षीकाम अहिल्याबाईंनी स्वतः सुचवलं असं महेश्वरमध्ये सांगतात. ते खरं असो वा नसो, महेश्वरीच्या काठावर किल्ल्याच्या भिंतींची आणि घाटांची नक्षी उतरली हे मात्र डोळ्यांना दिसतं. काठांची नावंसुद्धा गमतीची आहेत: चटई, ईंट, लहरिया, रुईफूल. ईंट म्हणजे वीट.

असे काठ विणायला आज तिथे मागावर डॉबी नावाचं साधन बसवतात. लाकडी पट्ट्यांवर खुंट्या असतात. खुंटी असेल तिथे धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. मी रोज ऑफिसात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते, त्यामुळे मला त्या खुंट्यांत सरळ शून्य आणि एकच दिसतात. डॉबी अहिल्याबाईंच्या काळानंतर आली, पण कुठला धागा वर आणि कुठला खाली हा हिशेब विणकराच्या डोक्यात तेव्हाही होताच.

अहिल्याबाईंचा शेवटचा काळ सुखाचा नव्हता. १७९१ मध्ये जावई वारले. मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने खूप विनवलं, पण तिने ऐकलं नाही. १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरमध्येच अहिल्याबाई गेल्या. वय सत्तर होतं.

आता पुढचं जरा नीट वाचा. देवळं आणि घाट जागच्या जागी उभे राहिले. विणकाम तसं उभं राहू शकत नाही, त्याला रोज काम लागतं. १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला गेली. महेश्वरचं मोठं गिऱ्हाईक दूर गेलं. मग बाजारात गिरणीचं स्वस्त कापड आलं. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली तेव्हा दरबारच उरला नाही. माग एकेक करून बंद पडत गेले आणि विणकरांची मुलं दुसऱ्या कामांना लागली. मला वाटतं, यात अहिल्याबाईंचा दोष काढता येणार नाही, पण एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा किती नाजूक असतो ते यातून दिसतं.

१९७८ मध्ये त्याच घराण्यातले रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी रेहवा सोसायटी ही संस्था सुरू केली. रेवा म्हणजे नर्मदा, त्यावरून हे नाव. संस्थेने विणकर घरांतल्या बायकांना मागावर बसायला शिकवलं. पूर्वी त्यांच्याकडे बहुतेक सूत उकलणं, कांड्या भरणं अशी मदतीची कामं असायची. आता विणण्याची मजुरी त्यांच्या स्वतःच्या हातात यायला लागली. आणि या वेळी गिऱ्हाईक एकच नव्हतं. मुंबई, दिल्ली, परदेश, जिथून मागणी येईल तिथे माल गेला. नऊवारीच्या जोडीला सहावारी साड्या, ओढण्या, स्टोल विणले जाऊ लागले. महेश्वरच्या गल्ल्यांतून चालताना आज पुन्हा मागांची खटखट ऐकू येते.

तुमच्या आईच्या किंवा आजीच्या कपाटात एखादी महेश्वरी असेल तर विचारून बाहेर काढा. ती हलकी लागेल, कारण आज बहुतेक महेश्वरींत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. पदरावर आडवे पट्टे मोजा, जुन्या पद्धतीची असेल तर पाच सापडतील. मग काठ उलटा करून बघा. महेश्वरीच्या बुगडी काठाला उलटी बाजूच नसते, दोन्हीकडून ती सारखीच दिसते आणि कशीही नेसता येते.