श्वापदांच्या दालनातील गृहस्थ

१९०५ सालचा ऑक्टोबर महिना. पॅरिसच्या ग्रां पाले या भव्य इमारतीत चित्रप्रदर्शन भरले होते. त्यातल्या सातव्या दालनात लोक येत ते हसायला. सर्वांत जास्त हसू होई ते एका चित्रापुढे. मोठी हॅट घातलेली स्त्री आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क हिरव्या, पिवळ्या, गुलाबी रंगांचे फराटे! त्याच दालनात जुन्या इटालियन वळणाची एक सोज्वळ मूर्ती होती. ती बिचारी हिंस्र श्वापदांत सापडली आहे, असा शेरा लुई वोसेल या समीक्षकाने मारला. श्वापदांना फ्रेंचमध्ये म्हणतात ‘फोव्ह’. थट्टेतले हे नावच पुढे चळवळीला चिकटले.

या श्वापदांचा म्होरक्या होता आंरी मातीस. चष्मा लावणारा, नीटनेटक्या पोशाखातला, पस्तिशीचा, तीन मुलांचा बाप. आणि चित्रातली स्त्री होती त्याची पत्नी आमेली.

उत्तर फ्रान्समधल्या बियाण्यांच्या एका व्यापाऱ्याचा हा मुलगा. जन्म ३१ डिसेंबर १८६९ चा. कायद्याचा अभ्यास करून तो वकिलाच्या कचेरीत कारकून झाला. विशीत अपेंडिक्सच्या दुखण्याने त्याने अंथरूण धरले, तेव्हा वेळ जावा म्हणून आईने त्याला रंगपेटी आणून दिली. तिने त्याचे आयुष्यच बदलले. वडिलांची नाराजी पत्करून १८९१ साली त्याने चित्रकला शिकण्यासाठी पॅरिस गाठले.

१८९८ साली आमेलीशी लग्न झाले. त्याच्या आधीच्या मुलीला, मार्गरीतला, तिने आपली मानली. पाठोपाठ दोन मुलगे झाले. पैशांची कायमची चणचण. आमेलीने टोप्यांचे दुकान चालवले. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी मातीसने मजुरीवर पानांच्या माळा रंगवल्या, त्याही ह्याच ग्रां पालेसाठी! अशा ओढगस्तीतही सेझानचे एक छोटे चित्र हवेच, असा त्याने हट्ट धरला. त्यासाठी आमेलीने आपली पाचूची अंगठी गहाण टाकली. ती परत मिळाली नाही. चित्र मात्र मातीसने १९३६ पर्यंत जपले आणि मग पॅरिस शहराच्या संग्रहालयाला देऊन टाकले.

१९०५ च्या उन्हाळ्यात तो आंद्रे देरँ या तरुण मित्राबरोबर कोलिऊर या समुद्रकाठच्या गावी राहिला. दक्षिणेच्या उन्हात त्याला वाट सापडली. सावली तपकिरीच का असावी? डोळ्यांना दिसतो तोच रंग का द्यावा, मनाला जाणवतो तो का नाही? लाल हिरव्याशेजारी ठेवला की दोन्ही रंग पेटतात, हे ओळखून त्याने रंगाला नकलेच्या कामातून मोकळे केले. माणूस, झाड, होडी ओळखू येत होती. रंग मात्र स्वतंत्र झाले होते.

तेव्हा ते फराटे म्हणजे कुणा उनाडाचा खोडसाळपणा नव्हता. त्यात एका संसाराची सारी पुंजी लागली होती, आणि हसे झाले ते घरच्या लक्ष्मीच्या चेहऱ्याचे! सुदैवाने अमेरिकेतून पॅरिसला आलेल्या स्टाइन कुटुंबाने ते चित्र ५०० फ्रँकला घेतले. घराला आधार मिळाला, त्याहून अधिक म्हणजे धीर मिळाला.

१९०८ च्या सुमारास चळवळ ओसरली. देरँ, ब्राक असे साथी दुसऱ्या वाटांनी गेले. मातीसने रंगाचा हात सोडला नाही. कीर्ती आली, पैसा आला. पण पडत्या काळात टिकलेला संसार चढत्या काळात टिकला नाही. १९३९ साली आमेली विभक्त झाली.

१९४१ मधल्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तो चाकाच्या खुर्चीला खिळला. तेव्हा त्याने कात्री उचलली आणि रंगवलेल्या कागदांतून पाने, पक्षी, माणसे कापू लागला. १९५१ साली वाँस गावातले प्रार्थनामंदिर त्याच्या रंगीत काचांनी उजळले. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे त्याने देह ठेवला.

पहिली रंगपेटी आजारपणाने दिली होती, शेवटची कात्रीही आजारपणानेच दिली. हॅटवाली ती स्त्री पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात पोहोचली. लोक तिच्यापुढे आजही थांबतात. हसण्यासाठी मात्र नव्हे.