इंग्रजी अक्षरे मोजणारा माणूस

स्क्रॅबलच्या डावात हातात 'क्यू' यावा आणि 'यू'चा मात्र पत्ता नसावा, यासारखी पंचाईत नाही. 'क्यू' असलेला, पण 'यू' नसलेला शब्द आठवताना भल्याभल्या इंग्रजी जाणकारांना घाम फुटतो. सराईत खेळाडू अशा शब्दांच्या याद्याच मुखोद्गत करून ठेवतात. त्यांत आपल्या ओळखीचा 'फकीर'ही 'क्यू'ने लिहिलेला सापडतो. शंभर सोंगट्यांत 'क्यू' एकच का, 'ई' बारा का आणि 'एस' अवघे चार का, हे ज्या माणसाने ठरवले तो भाषापंडित मात्र नव्हता. आल्फ्रेड मोशर बट्स हे मंदीत नोकरी गमावलेले वास्तुविशारद होते आणि त्यांचे स्वतःचे स्पेलिंग यथातथाच होते.

बट्स यांचा जन्म १३ एप्रिल १८९९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी या गावी झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९२४ मध्ये वास्तुकलेची पदवी घेऊन ते न्यूयॉर्क शहरात नोकरीला लागले. १९२९च्या शेअर बाजारातील पडझडीनंतर बांधकामे थंडावली आणि १९३१ मध्ये त्यांची नोकरी गेली. रिकामपणी चित्रे काढून पाहिली, लेखनाचाही प्रयत्न झाला. त्यातून घर चालण्याजोगे काही हाती लागेना. अखेर त्यांनी एखादा खेळ शोधून काढण्याचे ठरवले.

तेही त्यांनी नकाशा आखावा तसे पद्धतशीरपणे केले. प्रचलित खेळांची त्यांनी तीन गटांत विभागणी केली: फासे किंवा बिंगोसारखे आकड्यांचे खेळ, बुद्धिबळासारखे चालींचे खेळ आणि शब्दांचे खेळ. तिसऱ्या गटात लोकांची मने जिंकील असे फारसे काही नाही, हे त्यांनी हेरले. नशीब आणि कौशल्य यांचा समतोल साधणारा शब्दखेळ करायचा, तर कोणते अक्षर किती वेळा द्यायचे, हा कळीचा प्रश्न होता.

त्याची वाट त्यांना एडगर ॲलन पो यांच्या 'द गोल्ड बग' या १८४३ सालच्या कथेत दिसली. चाच्याच्या गुप्त खजिन्याचा सांकेतिक मजकूर त्या कथेचा नायक उलगडतो, तो अक्षरांच्या वारंवारतेवरून. इंग्रजीत 'ई' सर्वाधिक येतो, म्हणून जे चिन्ह सर्वाधिक आले ते 'ई' धरायचे, अशी ती युक्ती. बट्स यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'सारखी वृत्तपत्रे पुढ्यात घेतली आणि छापील मजकुरातील एकेक अक्षर मोजून रकान्यांत खुणा करायला सुरुवात केली. संगणक नव्हता, कागद, पेन्सिल आणि बेकारीतला मुबलक वेळ एवढेच भांडवल होते.

या मोजणीवर त्यांनी विचारपूर्वक एक संस्कारही केला. इंग्रजी मजकुरात 'एस' भरपूर आढळतो. परंतु तो तितकाच दिला असता, तर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला 'एस' चिकटवून अनेकवचन करीत बसला असता. म्हणून 'एस' चारच ठेवले. उलट दुर्मीळ 'क्यू' आणि 'झेड' यांना दहा गुण, 'जे' आणि 'एक्स' यांना आठ. एखादे अक्षर खुपावे, पण टाकवू नये, अशी ही व्यवस्था. आज 'जे' खपवण्यासाठी परदेशी खेळाडूही 'पूजा' हा शब्द लावतात, त्यामागे हीच मेख आहे.

सुरुवातीच्या खेळाचे नाव 'लेक्सिको' होते आणि त्याला पटच नव्हता. अमेरिकेला वेड लावणाऱ्या शब्दकोड्यांवरून पुढे पट आला आणि १९३८च्या सुमारास 'क्रिस-क्रॉस वर्ड्स' तयार झाला. मोठ्या खेळ कंपन्यांनी तो नाकारला. पेटंटचा अर्जही फेटाळला गेला. दरम्यान वास्तुविशारदाचे काम पुन्हा मिळाले होते. तरीही घरी बसून पट आखायचे, लाकडी तुकड्यांवर अक्षरे चिकटवायची आणि ओळखीपाळखीत संच विकायचे, हे चालूच राहिले. क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स येथे राहणारे हे दांपत्य जवळच्या मेथॉडिस्ट चर्चच्या सभागृहात मित्रमंडळींसह डाव मांडी. खेळात पत्नी नीना त्यांच्यापेक्षा वरचढ. त्यांनी एकदा 'क्विक्झॉटिक' या शब्दाचे २८४ गुण मिळवल्याची नोंद सांगितली जाते. अक्षरांचे २६ गुण, दोन तिप्पट घरांमुळे नऊपट म्हणजे २३४, आणि हातातल्या सातही सोंगट्या संपवल्याचे ५०: हिशेब चोख जुळतो.

१९४८ मध्ये जेम्स ब्रुनो या गृहस्थांनी प्रत्येक संचामागे मानधन देण्याच्या बोलीवर खेळ बनवण्याचा हक्क घेतला. नियम सोपे केले, पटावरील जादा गुणांची घरे हलवली आणि 'स्क्रॅबल' हे नाव दिले. सोंगट्यांची संख्या आणि गुण मात्र बट्स यांचेच राहिले. कनेक्टिकटमधील न्यूटाउन परिसरात संच बनू लागले. १९४९ मध्ये २,४०० संच झाले आणि ४५० डॉलरचा तोटा पदरी पडला. त्यानंतर 'मेसीज' या बड्या दुकानाच्या प्रमुखांनी सुटीत हा खेळ पाहिला, परतल्यावर तो आपल्याच दुकानात नाही हे पाहून मागणी नोंदवली, अशी हकिकत आहे. १९५२ नंतर मागणी पुरवता येईना. १९५४ मध्ये सुमारे चाळीस लाख संच खपले.

बट्स यांना संचामागे मिळत ते काही सेंट. १९७२ मध्ये सेल्चो अँड राइटर कंपनीने खेळाचे हक्क विकत घेतले, तेव्हा त्यांच्या वाट्याला २ लाख ६५ हजार डॉलर आले, तर ब्रुनो यांना सुमारे १५ लाख. कल्पना कोणाची आणि मोबदला कोणाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तोट्याच्या काळात धंदा रेटण्याची जोखीम ब्रुनो यांनी उचलली होती, हेही खरे. बट्स यांनी याची तक्रार केल्याचे दिसत नाही. मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा करांत गेला, तिसरा त्यांनी वाटून टाकला आणि उरलेल्यात सुखाने राहिले, असा त्यांचा जमाखर्च होता. घराण्याचे जुने घर त्यांनी परत विकत घेतले. बेकारीत पोट न भरणाऱ्या चित्रकलेचेही चीज झाले. न्यूयॉर्कची त्यांची काही चित्रे मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात गेली. १९८५ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, त्यांचा आणखी एक शब्दखेळ बाजारात आला. तो फारसा चालला नाही.

४ एप्रिल १९९३ रोजी, ९४व्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. साड्या आणि मसाल्यांच्या दुकानांमुळे भारतीयांना परिचित झालेल्या जॅक्सन हाइट्समध्ये त्यांच्या चर्चच्या कोपऱ्यावर रस्त्याच्या नावाची एक पाटी आहे. तिच्यावर प्रत्येक अक्षराखाली त्याचे स्क्रॅबलमधील गुण लिहिलेले आहेत. मध्यंतरी ही पाटी नाहीशी झाली होती. २०११ मध्ये ती पुन्हा लावण्यात आली.